तिथी बघून तिकीट काढा: नागपूरकरांसाठी हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

आपल्या नागपुरात पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा. सकाळी फिरायला गेलो तेव्हा जिथे काठ होता, तिथेच तो संध्याकाळी असतो. पावसाळ्यात तलाव भरतो, उन्हाळ्यात आटतो, पण ते महिन्यांच्या हिशेबाने. सहा तासांत पाणी पुरुषभर चढतं आणि पुढच्या सहा तासांत तितकंच उतरतं, हे आपण भूगोलात शिकलेलो असतो, पण ते अंगात मुरलेलं नसतं. हरिहरेश्वरला पहिल्यांदा जाणाऱ्या नागपूरकराची चूक इथेच होते. माझीही झाली.

आई, बारा वर्षांचा भाचा आणि मी, अशी आम्ही तिघं पौर्णिमा गाठून गेलो होतो. देवदर्शनाला पौर्णिमा चांगली, एवढाच विचार. सकाळी दर्शन, मग नाश्ता, मग सावकाश टेकडी चढून पलीकडे उतरायला लागलो तेव्हा साडेअकरा झाले होते. भाचा पुढे पळाला. शेवटच्या पायऱ्यांपाशी नारळपाणी विकणारी एक बाई वर येत होती. तिने त्याचा हात धरला आणि मला म्हणाली, "ताई, पाणी चढतंय. आता खाली नाय जायचं. संध्याकाळी या." तिच्या मागे ज्या खडकावरून आम्ही चालणार होतो, त्यावरून पांढरा फेस वाहत होता. दहा मिनिटांनी तो खडक दिसेनासा झाला. पुढच्या वर्षी मी परत गेले, तेव्हा आधी कालनिर्णय उघडलं आणि मग रेल्वेचं तिकीट काढलं. तेव्हापासून ओळखीतल्या ज्या कुणाला जायचं असतं, त्याला मी हेच सांगते. इथे थोडं सविस्तर सांगते.

आधी जागा समजून घ्या

हरिहरेश्वर हे रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातलं गाव. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. गाव, नारळी-पोफळीच्या वाड्या, देवळं आणि देवळांच्या पाठीशी थेट समुद्रात घुसलेली टेकडी. त्या टेकडीवर चढायचं, पलीकडच्या कड्यातून पाण्याच्या पातळीपर्यंत उतरायचं, कड्याच्या पायथ्याच्या सपाट खडकावरून वळसा घ्यायचा आणि वाळूवरून पुन्हा देवळापाशी यायचं, ही प्रदक्षिणा. एकूण वेळ तास-दीड तास. अंतर फार नाही. सेमिनरी हिल्सवर रोज फिरणाऱ्या माणसाला पायांचा काही प्रश्न येणार नाही. प्रश्न येतो तो मधल्या टप्प्याचा, कारण तो भरतीच्या वेळी पाण्याखाली असतो.

या जागेला दक्षिण काशी म्हणतात. रामटेकच्या अंबाळ्यावर आपल्याकडचे लोक पितरांचं करायला जातात, तसे इथेही येतात. श्रीवर्धनच्या भट घराण्यातल्या पेशव्यांचं हे कुलदैवत. दर्शनाचा क्रम असा आहे: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. गर्दीच्या दिवशी यातच तासभर जातो. म्हणून भरती-ओहोटीचा हिशेब करताना हा तास धरा, किंवा मी करते तसं दर्शन आदल्या संध्याकाळीच उरका.

तिथीवरून वेळ काढणं

लेखातली खरी महत्त्वाची गोष्ट ही आहे, म्हणून इथे जरा थांबू.

कोकणच्या किनाऱ्यावर जुन्या लोकांचा एक ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करायची. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ, दुपारची आणि रात्रीची, दोन्ही. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी ३ आणि पहाटे ३ च्या सुमाराला भरती पूर्ण. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आसपास. अष्टमीला भरती ६ वाजता, ओहोटी १२ च्या पुढेमागे. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती १२ च्या सुमाराला, ऐन दुपारी आणि ऐन मध्यरात्री. आम्ही साडेअकराला खाली उतरत होतो, ते किती चुकीचं होतं हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊणपटीचं गणित त्यावरच उभं आहे. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच.

आता चालायला कधी निघायचं? ओहोटी पूर्ण व्हायच्या दीड ते दोन तास आधी. पाणी उतरत असताना चालायचं, म्हणजे मध्ये कुणाचा पाय मुरगळला, कुणाला दम लागला, तरी तुमच्या हातात वेळ असतो. ओहोटी पूर्ण झाल्यावर निघणं म्हणजे चढत्या पाण्याशी शर्यत लावणं. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही, हेही ध्यानात ठेवा. पहिल्या तासात ते हळू येतं, माणसाला वाटतं अजून पुष्कळ वेळ आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते सगळ्यात जोरात चढतं.

हा सगळा हिशेब मांडून पाहिला तर चतुर्थी, पंचमी आणि षष्ठी हे दिवस सकाळी चालायला उत्तम. षष्ठीला ओहोटी साधारण पावणेअकराला, म्हणजे नऊच्या सुमाराला निघायचं. त्रयोदशी-चतुर्दशीला ओहोटी दुपारी चार ते पाचच्या दरम्यान पडते, तेव्हा अडीच-तीनला निघता येतं आणि उजेडात परत येता येतं. नवमी-दशमीला ओहोटी भर दुपारी, खडक तापलेला, तो दिवस मी टाळते. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. सकाळी अंधार आडवा येतो. संध्याकाळी चारला निघालात तर जमतं, पण रेंगाळायला वाव नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला जास्त उतरतंही. अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांगाची भरती म्हणतात. उधाणाचा जोर तिथीच्या दिवशीच संपत नाही, पुढचे एक-दोन दिवस तो राहतो. मुंबईकडे मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. दक्षिणेकडे तो थोडा कमी होतो, पण माणूस बुडायला तो कमी झालेला आकडाही पुरेसा आहे.

पाऊणपटीचा ठोकताळा दिवस निवडायला वापरा. पायरी उतरायची की नाही, हे त्यावर ठरवू नका. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी हे तक्ते काढतो आणि मोबाइलवरही ते मिळतात. तक्ता श्रीवर्धनचा किंवा जवळच्या बंदराचा घ्या. हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे देतं, तेही आदल्या दिवशी बघा. दूर कुठेतरी समुद्रात वादळ झालं की इथे आभाळ निरभ्र असतानाही लाटा मोठ्या येतात. आणि शेवटी, देवळापाशी दुकान लावणाऱ्या दोन माणसांना विचारा. "आता प्रदक्षिणेला जाता येईल का?" एवढाच प्रश्न. ते नाही म्हणाले तर तक्ता काहीही सांगो, जायचं नाही.

मग तिकीट

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी कॅलेंडरही दोन महिने पुढचं उघडा. समजा, षष्ठी बुधवारी आहे. मग नागपूरहून सोमवारी संध्याकाळी निघायचं. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी सुटते आणि सकाळी मुंबईत पोचवते. तिथून कोकण रेल्वेने माणगाव, पण माणगावला मोजक्याच गाड्या थांबतात, तेव्हा वेळ जुळते का ते आधी पाहा. नाही जुळली तर पनवेलमार्गे एसटी. माणगावहून म्हसळ्यामार्गे हरिहरेश्वर साधारण ६५ किलोमीटर, रस्ता वळणावळणाचा, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. मंगळवारी संध्याकाळी पोचाल, दर्शन घ्याल, झोपाल. बुधवारी सकाळी ताज्या पायांनी चालाल. पुण्याला कुणी नातेवाईक असेल तर तिथे एक मुक्काम करून ताम्हिणी घाटातून उतरणं सगळ्यात सुखाचं.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता पूर्ण झाला आहे, पण तो तुम्हाला भिवंडीजवळ सोडतो. तिथून पुढे आणखी पाच-सहा तास धरा. एका दमात करू नका.

जून ते सप्टेंबर जाऊच नका. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि खडकावर हिरवं शेवाळ धरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. दिवाळीच्या सुट्ट्या आणि महाशिवरात्र सोडून, कारण अरुंद पायऱ्यांवर गर्दी झाली की पुढचा थांबला तरी मागचा ढकलतो.

नागपुरात असतानाच करायची तयारी

आपण ४५ अंशांत जगलेली माणसं, कोकणातल्या ३२ अंशांना काय घाबरायचं, असं वाटतं. पण आपल्याकडचं ऊन कोरडं असतं. घाम येतो आणि लगेच वाळतो, त्यामुळे अंग थंड राहतं. म्हणून तर आपल्याकडे कूलर चालतो. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून नुसता निथळतो, आणि तासाभरात माणूस गळून जातो. माझी आई मे महिन्यात दुपारी वाळवणं घालणारी बाई. तिला नोव्हेंबरातल्या त्या टेकडीवर चक्कर आल्यासारखं झालं. प्रत्येकी दीड लिटर पाणी आणि त्यातल्या अर्ध्यात लिंबू, मीठ, साखर, एवढं हवंच.

पायांची तयारी रामटेकला करा. अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्यांनी गडमंदिरावर चढा आणि पायऱ्यांनीच उतरा. चढताना दम लागतो, पण खरी परीक्षा उतरताना गुडघ्यांची होते आणि हरिहरेश्वरला उतारच तीव्र आहे. ज्येष्ठ मंडळींना बरोबर न्यायचं असेल तर त्यांना रामटेकला आधी नेऊन पाहाच. तिथे उतरताना ज्यांना दोन्ही बाजूंनी धरावं लागलं, त्यांनी इथे टेकडीच्या माथ्यापर्यंत यावं, समुद्र बघावा आणि आल्या वाटेने परत जावं. त्यात काही उणं नाही.

बूट घट्ट पकड असलेले हवेत. भिजतील याची तयारी ठेवा. साध्या चपला, प्लास्टिकच्या स्लिपर अजिबात नकोत. काही भाविक अनवाणी प्रदक्षिणा करतात. श्रद्धेचा मान राखून सांगते, खालच्या खडकांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. टेकडी अनवाणी चढा, पण खडकावर पाय ठेवण्याआधी पिशवीतले बूट घाला. साडी नेसणाऱ्यांनी ती पोटऱ्यांच्या वर खोचून घ्यावी, ओला काठ पायात अडकतो. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. आपला उन्हाळ्यातला लांब दुपट्टा मात्र जरूर घ्या. डोक्याला तर होतोच, पण त्याचा दुसरा उपयोग पुढे सांगते.

प्रत्यक्ष चालताना

हलका नाश्ता करा. आंबोळी मिळाली तर आंबोळी. बाकीचं सोलकढीसकटचं जेवण परत आल्यावर.

देवळाच्या बाजूने पायऱ्या टेकडीवर जातात. चढ छोटा आहे, पण अंगावर येतो. माथ्यावर पोचलं की झाडी संपते आणि एकदम समोर फक्त पाणी. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्याने इथे मनसोक्त थांबावं. माझा भाचा इथे पाच मिनिटं एक शब्द बोलला नव्हता. दक्षिणेला सावित्रीचं मुख आणि पलीकडे बाणकोटची बाजू.

थांबलात की एक काम करा. खाली दिसणाऱ्या खडकाकडे दहा मिनिटं नुसतं बघा. लाटा एकसारख्या येत नाहीत. चार-सहा लहान येतात, मग दोन-तीन मोठ्या. सगळ्यात मोठी लाट कुठवर पोचते ते बघा. तुमची वाट त्या रेषेच्या वर, कोरड्या खडकावर दिसत असेल तरच उतरायचं. लाटांचं पाणी वाटेवरून जात असेल तर आणखी अर्धा तास माथ्यावर बसा किंवा परत फिरा.

उतार कड्याच्या भेगेतून जातो. दोन्ही बाजूंना उभा खडक, मधून अरुंद, उंच पायऱ्या. या चिंचोळ्या जागेला गणेशगल्ली म्हणतात. पायऱ्या ओल्या असू शकतात. एका वेळी एकानेच उतरावं, पुढचा खाली पोचल्यावर दुसऱ्याने निघावं. लहान मुलाच्या पुढे मोठं माणूस हवं, मागे नव्हे. भिंतीला हात लावून, आडवं पाऊल टाकत उतरा. घाईचं इथे काही काम नाही आणि म्हणूनच वेळ हाताशी ठेवून निघायचं.

खाली उतरलात की डाव्या-उजव्या बाजूंना पसरलेला सपाट काळा खडक दिसतो. हजारो वर्षं लाटांनी कडा कापत मागे नेला आणि पायथ्याशी हा ओटा उरला. हा खडक नागपूरकराला परका नाही. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड आणि हा, दोन्ही दख्खनच्या लाव्हाचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्या उद्रेकांनी पश्चिम भारत झाकला, त्यांचा पूर्वेकडचा काठ आपल्या नागपुरापाशी संपतो आणि पश्चिमेकडचा भाग असा समुद्रात उतरतो. एका टोकाहून आपण दुसऱ्या टोकाला येऊन उभे असतो. आपल्याकडे तो दगड उन्हा-पावसाने झिजतो, इथे मिठाने. कड्याच्या भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसेल. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे करतात. छिद्राचा खळगा होतो, खळग्याची वाटी. हात फिरवून पाहा, पण त्यावर पाय देऊन चढू नका. कडा ठिसूळ असतात.

वाटेत गायत्रीतीर्थ, विष्णुपद अशी तीर्थं लागतात. बरोबर म्हातारी माणसं असतील तर ती इथे हात जोडून थांबतात, त्यांना थांबू द्या. पण थांबायचं ते कड्याच्या बाजूला, कोरड्या जागी.

पाऊल कुठे टाकायचं, याचे काही नियम मी भाच्याला पाठ करून दिले होते. फिका, खरखरीत, कोरडा दगड भरवशाचा. काळा ओला दगड म्हणजे पाणी नुकतंच इथवर आलं होतं. हिरवा दगड म्हणजे शेवाळ, तो चुकवायचाच. साचलेल्या डबक्यातून चालायचं नाही, खोली कळत नाही. समुद्राकडे पाठ करायची नाही, फोटोसाठी तर कधीच नाही. कडेला जाऊन लाट अंगावर घेण्याचा मोह तरण्याताठ्यांना होतो आणि इथे माणसं गेली आहेत ती बहुतेक तिथूनच. लाट आत येताना भिजवते, परत जाताना ओढते.

कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. अंबाझरीत पट्टीचं पोहणाऱ्यालाही खडकावर आपटणाऱ्या लाटांत काही करता येत नाही. दुपट्टे एकमेकांना गाठ मारून फेका, बूच घट्ट लावलेली रिकामी पाण्याची बाटली फेका, धरून तरंगायला तिचाही आधार होतो. पडलेल्याला ओरडून सांगा की खडकापासून लांब राहा आणि तरंगत राहा. एकाने ११२ ला फोन करायचा, दुसऱ्याने गावाकडे धावायचं. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. हे दोन्ही आकडे नागपूर सोडण्यापूर्वीच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

अर्ध्या वाटेत पाणी अपेक्षेपेक्षा वर दिसलं, तर पुढे किती राहिलं याचा अंदाज करत बसू नका. गणेशगल्ली जवळ असेल तर मागे फिरा. प्रदक्षिणा अर्धवट सोडली तर देव रागावत नाही, असं तिथल्याच एका पुजाऱ्यांनी आईला समजावलं होतं, तेव्हा ती मागे फिरायला तयार झाली.

सगळं नीट झालं तर खडक संपून वाळू लागते आणि समोर पुन्हा देऊळ. इथे पोरं कपड्यांसकट पाण्यात धावतात. गुडघ्यापर्यंतच जाऊ द्या. खाडीचं मुख जवळ आहे, तिथला प्रवाह किनाऱ्याला समांतर ओढून नेतो.

दुपारी वेळ उरला तर जवळच्या बागमांडल्याहून वेश्वीला जाणारी फेरीबोट गाठा. तुमची गाडीही ती पाण्यावरून पलीकडे नेते आणि तिथून बाणकोटचा किल्ला जवळ. पाण्यावर बसून मागे वळलं की ज्या टेकडीला सकाळी वळसा घातला, तिच्याकडची बाजू दिसते.

खोलीवर आलात की बूट लगेच गोड्या पाण्याने धुवा, आतूनही, आणि सावलीत वाळवा. तसेच पिशवीत कोंबले तर नागपूरला पोचेपर्यंत मिठाने कडक होतात. मी एक जोड असाच घालवला आहे.